आवाजांतील ऊब

ध्वनिमुद्रणाच्या शास्त्रानें गेल्या शंभर वर्षांत जी प्रगति केली, तिचें ध्येय एकच होतें. गायकानें जें गाइलें तें जसेंच्या तसें श्रोत्याच्या कानीं पडावें. मध्यें यंत्र आहे याची खूणसुद्धां राहूं नये. मेणाच्या नळकांड्या गेल्या, लाखेच्या तबकड्या आल्या. त्यांच्यामागून चुंबकीय फीत आली. आणि १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कनें तर खरखर, घरघर, फितीची सळसळ या सर्वांना एकदमच रजा दिली. सेकंदास ४४,१०० वेळां ध्वनीचें माप घ्यावयाचें, प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांच्या शिडीवर कोठें बसतें तें पाहावयाचें आणि तो आंकडा लिहून ठेवावयाचा, अशी ही रीत. आंकडा झिजत नाहीं, विटत नाहीं. ध्येय हातीं आलें असें म्हणावयास हरकत नव्हती. परंतु तें हातीं येतांच एक चमत्कारिक तक्रार ऐकूं येऊं लागली. ती अशी कीं, आवाज स्वच्छ आहे, पण त्यांत ऊब नाहीं.

ही तक्रार अडाण्यांची नव्हती. ध्वनिमुद्रणाच्या धंद्यांत केस पांढरे झालेले लोक ती करीत होते, आणि आज तर तिच्यावर एक स्वतंत्र व्यापार उभा आहे. ज्या दोषांच्या निर्मूलनासाठीं इंजिनियरांच्या दोन पिढ्या खपल्या, तेच दोष विकत घेण्यासाठीं तिसरी पिढी रांगेंत उभी आहे. घरच्या घरीं संगणकावर गाणें मुद्रित करणारा तरुण, पन्नास वर्षांपूर्वींच्या विलायती कन्सोलचा गुण आपल्या मुद्रणांत उतरावा म्हणून पैसे मोजतो. हें केवळ जुन्याचें वेड आहे, कीं त्यांत कांहीं तथ्य आहे? प्रश्न वाटतो तितका हलका नाहीं. कारण मुद्रणांत एकदां मिसळलेला रंग मागाहून धुवून काढतां येत नाहीं, आणि गायक तर दुसऱ्यांदा तसाच गात नाहीं.

कन्सोल म्हणजे काय हें आधीं पाहिलें पाहिजे. ध्वनिमुद्रणाच्या खोलींत जें लांबरुंद, उतरतें मेज असतें आणि ज्यावर खुंट्या व सरकत्या पट्ट्या ओळीनें मांडलेल्या दिसतात, तें कन्सोल. मायक्रोफोनमधून निघणारा विद्युत्प्रवाह फारच दुबळा. त्याचा दाब बहुधा व्होल्टच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतो. तो शेंकडों, प्रसंगीं हजारों पटींनीं वाढवावा लागतो. त्याचें खर्जाचें व टिपेचें अंग कमीअधिक करावें लागतें. आणि मग इतर मायक्रोफोनांच्या प्रवाहांशीं त्याचें मिश्रण करावें लागतें. प्रत्येक मायक्रोफोनास मेजावर एक उभा पट्टा मिळतो, त्यास चॅनेल म्हणतात. गाण्याचा प्रत्येक सूर या वाटेनें जातो, आणि वाटेवरची थोडी धूळ पायांस लागल्यावांचून राहत नाहीं.

लंडनमधील ॲबी रोडवरच्या ई. एम. आय. स्टुडिओंत १९६० च्या सुमारास ‘रेड’ या नांवाचीं कन्सोलें होतीं. तीं व्हॉल्व्हवर चालत. बीटल्स मंडळींचें तेथें १९६८ पर्यंत झालेलें मुद्रण त्यांच्यावरूनच झालें. पुढें कंपनीनें ट्रान्झिस्टरवर चालणारें ‘टी. जी. १२३४५’ हें कन्सोल तयार केलें. त्यास २४ मायक्रोफोन जोडतां येत आणि त्यांतून ८ स्वतंत्र प्रवाह बाहेर काढतां येत. १९६९ सालचें ‘ॲबी रोड’ हें त्याच मंडळींचें मुद्रण मुख्यत्वें या नव्या मेजावर झालें. त्यांचे ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांना फरक तत्काळ जाणवला. ढोलाचा आणि गिटारचा पूर्वींचा ठोसा गेला, आवाज मऊ आणि गोल झाला. गायक तेच, वाद्यें तींच, खोलीहि तीच. बदललें होतें तें फक्त मेज. आज या दोन्ही मेजांच्या नकला बाजारांत ऊब देणाऱ्या म्हणूनच विकल्या जातात, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. ऊब हा शब्द विक्रेत्यांच्या तोंडीं फार सैल झाला आहे.

या क्षेत्रांत ज्यांचें नांव सर्वांच्या आधीं घेतलें जातें, ते रूपर्ट नीव्ह. त्यांचा जन्म १९२६ सालीं इंग्लंडांत झाला, बालपण अर्जेंटिनांत गेलें, आणि रेडिओ दुरुस्त करण्याचा नाद त्यांना तेथेंच लागला. १९६१ सालीं त्यांनीं इंग्लंडांत स्वतःची कंपनी काढली. १९७० सालीं वेसेक्स स्टुडिओच्या नव्या कन्सोलसाठीं त्यांनीं जो चॅनेल रचला, त्याचा क्रमांक १०७३. हा क्रमांक आज ध्वनिमुद्रकांच्या जगांत एखाद्या घराण्याच्या नांवासारखा उच्चारला जातो. विशेष हें कीं, त्यांत एकहि व्हॉल्व्ह नाहीं. सर्व काम ट्रान्झिस्टरचें. तेव्हां ऊब म्हणजे व्हॉल्व्ह, ही जी समजूत पसरली आहे, ती अर्धीच खरी. १०७३ च्या प्रवेशद्वारीं एक ट्रान्सफॉर्मर आहे आणि बाहेर पडण्याच्या दारींहि एक आहे. आणि मधले ट्रान्झिस्टर लाटेच्या दोन्ही अर्धांत अखंड जागे राहतील अशी मांडणी आहे. काटकसरीच्या मांडणींत एक ट्रान्झिस्टर लाटेचा वरचा भाग उचलतो, दुसरा खालचा. आणि हातबदल होतांना बारीकशी ठेंच लागते. हलक्या आवाजांत ती ठेंच कानास फार खुपते. नीव्ह यांच्या मांडणींत ती नाहीं. मात्र वीज पुष्कळ खर्चते आणि मेज तापतें. त्या वर्णनाची ऊब हातालाहि लागते, असें म्हणावयाचें.

आतां मुख्य मुद्दा. हिंदुस्थानी संगीताच्या ग्रंथांत मध्य षड्जाचीं आंदोलनें सेकंदास २४० धरण्याचा प्रघात आहे. निर्दोष यंत्रांत २४० आंदोलनांचा शुद्ध स्वर घातला, तर २४० च बाहेर यावीं. पण व्हॉल्व्ह काय, ट्रान्सफॉर्मर काय, कोणतेंच साधन अगदीं सरळ नसतें. लाटेचा माथा किंचित् दबला जातो, आणि दबला जातांच मूळ स्वरासोबत त्याच्या पटींचे स्वर उमटतात. दुप्पट म्हणजे ४८०, तो तार षड्ज. तिप्पट म्हणजे ७२०, तो तार पंचम. चौपट ९६०, पुन्हां षड्जच. पांचपट १,२००, तो गांधार. शास्त्राच्या भाषेंत ही विकृतीच. पण ही विकृति संवादी आहे. षड्जाच्या पोटांतून षड्ज आणि पंचम निघाले, तर कान त्यांना परके मानीत नाहीं. उलट, स्वर भरला असें त्यास वाटतें. सातपट गेलें म्हणजे मात्र १,६८०. हा स्वर आपल्या कोमल निषादाहूनहि खालीं, कोठेंच न बसणारा. तो डोकावूं लागला कीं आवाज कर्कश होतो. म्हणून विकृति किती आहे एवढेंच पाहून भागत नाहीं. ती कोणत्या पटीची आहे हें पाहावें लागतें.

तंबोरा ज्यांच्या घरीं आहे त्यांना हें नवें वाटूं नये. घोडीवर तारेखालीं दोऱ्याचा तुकडा सरकवून जवारी काढली कीं तार बोलूं लागते. दोरा नसतांना ती शुद्ध असते, पण मुकी असते. तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर ज्या उपस्वराची गांठ पडते तो उपस्वर तिच्यांतून निघूं नये, असा यंग आणि हेल्महोल्ट्स यांचा नियम आहे. तंबोऱ्याची व वीणेची घोडी हा नियम जुमानीत नाहीं, हें चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ सालीं दाखवून दिलें. जवारी म्हणजे एका अर्थानें हेतुपुरस्सर केलेली विकृतीच. फक्त ती शतकानुशतकें कानानें तपासून लावलेली आहे. कन्सोलची ऊब ही त्याच जातीची गोष्ट, पण योगायोगानें सांपडलेली.

व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर यांतील फरक खरोखर ऐकूं येतो काय, हा प्रश्न न्यूयॉर्कच्या रसेल हॅम यांनीं प्रयोगास लावला. त्यांचा निबंध १९७३ सालीं अमेरिकेंतील ध्वनि-अभियंत्यांच्या मंडळाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. त्यांची युक्ति अशी कीं, वर्धक यंत्र मर्यादेच्या आंत असतांना तपासण्याऐवजीं मर्यादेच्या बाहेर लोटून तपासावें. कारण प्रत्यक्ष मुद्रणांत जोराचा सूर किंवा ढोलाचा ठोका क्षणभर मर्यादा ओलांडतोच. तसें केल्यावर व्हॉल्व्हमध्यें दुसरा आणि तिसरा उपस्वर ठळक निघाला. ट्रान्झिस्टरमध्यें दुसरा दबलेला आणि तिसरा पुढें आलेला. आणि एकाच चिपेंत कोंबलेल्या वर्धकांत तिसरा, पांचवा, सातवा असे विषम उपस्वर झपाट्यानें वर आले. मर्यादेंत असतांना तिन्ही यंत्रें जवळजवळ सारखींच. माणसाप्रमाणें यंत्राचाहि स्वभाव ताण पडल्यावरच कळतो.

ट्रान्सफॉर्मरची गोष्ट आणखी निराळी, आणि या सर्व प्रकरणांत कदाचित् सर्वांत उपयुक्त. त्याचें लोखंड ठराविक प्रमाणापर्यंतच चुंबकत्व साठवूं शकतें, आणि स्वर जितका खालचा तितकें चुंबकत्व अधिक लागतें. तेवढ्याच दाबाचा ५० आंदोलनांचा स्वर १,००० आंदोलनांच्या स्वराच्या वीस पट भार लोखंडावर टाकतो. म्हणून ट्रान्सफॉर्मर प्रथम खर्जांत भरून येतो, आणि तेथें मुख्यत्वें तिसरा उपस्वर उत्पन्न करतो. वरच्या स्वरांना तो जवळजवळ हात लावीत नाहीं. याचा लाभ असा : घरांतील लहान ध्वनिक्षेपकास ५० आंदोलनांचा स्वर काढतांच येत नाहीं. पण त्या स्वरास १०० आणि १५० चे उपस्वर लाभले असतील, तर ते त्या क्षेपकांतून बाहेर पडतात, आणि त्यांच्यावरून कान मूळचा ५० स्वतःच कल्पून घेतो. जो स्वर खोलींत नाहीं तो ऐकूं येतो! खर्जाची वाद्यें जुन्या मुद्रणांत भरदार वाटतात, त्याचें पुष्कळसें श्रेय या लोखंडाच्या तुकड्याकडे जातें. फितीचीहि तऱ्हा अशीच. तिसरा उपस्वर मूळ स्वराच्या शेंकडा ३ झाला म्हणजे फितीची मर्यादा आली, असा मोजमापाचा संकेतच होता. आणि त्या मर्यादेशीं येतांना ती आवाजाचे तीक्ष्ण कोपरे हळुवारपणें घांसून गोल करी.

कानाच्या सूक्ष्मतेविषयीं एक हकीकत नीव्ह स्वतः सांगत असत. जॉर्ज मार्टिन यांच्या एअर स्टुडिओसाठीं त्यांच्या कंपनीनें ४८ चॅनेलचें कन्सोल दिलें. जेफ एमरिक यांनीं तें ऐकलें आणि तक्रार केली कीं, यांतील तीन चॅनेल इतरांसारखे नाहींत. कारखान्याच्या मोजणींत सर्व बरोबर होतें. अखेर नीव्ह स्वतः गेले. आणि शोध घेतां आढळलें कीं, त्या तीन चॅनेलांच्या ट्रान्सफॉर्मरची जोडणी नीट पुरी झालेली नव्हती, आणि त्यामुळें ५४,००० आंदोलनांच्या ठिकाणीं ३ डेसिबेलचा उंचवटा आला होता. मनुष्याचा कान २०,००० च्या वर ऐकत नाहीं. मग एमरिक यांनीं काय ऐकलें? त्यांनीं ५४,००० आंदोलनें ऐकलीं असें म्हणणें धाडसाचें होईल. तो उंचवटा खालच्या स्वरांच्या चालींतहि कांहीं सूक्ष्म फेर करीत असला पाहिजे, हें मानणें अधिक शहाणपणाचें. पण ४८ मधून नेमके तीन त्यांनीं वेगळे काढले, हें नाकारतां येत नाहीं.

अशीं मेजें आतां राहिलीं थोडीं. ॲबी रोडच्या स्टुडिओनें १९८० सालीं आपलीं जुनीं यंत्रें विक्रीस काढलीं. नीव्ह यांच्या जुन्या कन्सोलांची तर याहून वाईट दशा झाली. अखंड मेजापेक्षां सुटे चॅनेल विकून अधिक पैसा मिळतो हें दलालांना कळतांच, पुष्कळ मेजें उकलून त्यांचे तुकडे देशोदेशीं विकण्यांत आले. जुना वाडा पाडून त्याचे कोरीव खांब दिवाणखान्यांसाठीं विकावेत, तसाच हा प्रकार. एक मेज मात्र वांचलें. लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाईस भागांतील साउंड सिटी स्टुडिओनें १९७३ च्या सुमारास नीव्ह यांचें ८०२८ जातीचें मेज सुमारें ७५,००० डॉलरला घेतलें होतें. फ्लीटवुड मॅक मंडळींचें १९७५ चें मुद्रण आणि निर्वाणा मंडळींचें १९९१ चें ‘नेव्हरमाइंड’ त्यावरच झालें. स्टुडिओचा धंदा बसला, तेव्हां निर्वाणाचे ढोलवादक डेव्ह ग्रोल यांनीं २०११ सालीं तें अखंड विकत घेऊन स्वतःच्या स्टुडिओंत बसविलें, आणि २०१३ सालीं त्याच्यावर एक चित्रपटहि काढला. कृतज्ञतेचें इतकें जड रूप क्वचितच पाहावयास मिळतें.

ज्याच्यापाशीं ना मेज ना मेजाएवढी जागा, त्यानें काय करावें? त्याच्यासाठीं गणिताचीं मेजें निघालीं आहेत. जुन्या यंत्रांत निरनिराळ्या जोराचे स्वर घालून काय बाहेर येतें तें मोजावयाचें, आणि तीच वागणूक संगणकास शिकवावयाची. इस्रायलच्या वेव्ह्ज कंपनीनें तीन जुन्या कन्सोलांचा एकेक चॅनेल स्वतंत्रपणें मोजला. कारण एकाच मेजाचे दोन चॅनेलहि सारखे नसतात. त्यांतील सुटे भाग शेंकडा पांच-दहा इधरउधर असावयाचेच, आणि हा बारीक बेसूरपणाहि मिश्रणास रुंदी देतो असें जाणते सांगतात. या नकला चांगल्या असूं शकतात. पण त्यांत एक धोका आहे, जो जुन्या मेजांत नव्हता. समजा, झांजेच्या आवाजांत १५,००० आंदोलनांचा एक अंश आहे. त्याचा तिसरा उपस्वर ४५,०००. खऱ्या मेजांत तो कानाच्या पलीकडे निघून जाई. पण सेकंदास ४४,१०० मापें घेणाऱ्या पद्धतींत त्यास जागाच नाहीं. तो उलटून ९०० आंदोलनांचा होऊन परत येतो, आणि गाण्याच्या ऐन मध्यांत, कोणत्याहि स्वराशीं नातें नसलेला असा येऊन बसतो. ऊब घालावयास जावें आणि घोंगडें घाणेरडें करून परत यावें, तसें होतें. यावर उपाय म्हणजे हिशेबापुरतीं चौपट किंवा आठपट मापें धरून मग वरचा भाग गाळून टाकणें. चांगल्या नकला हें करतात. स्वस्त नकला पुष्कळदां करीत नाहींत.

दुसरी चूक वापरणाऱ्याची. जुन्या मेजावरचा कांटा जेव्हां शून्यावर असे, तेव्हां वर अजून पुष्कळ मोकळी जागा शिल्लक असे. डिजिटल मापनांत शून्य म्हणजे छत. त्याच्यावर कांहीं नाहीं. त्यामुळें नकलेंत आवाज घालतांना तो छताच्या सुमारें १८ डेसिबेल खालीं ठेवावा, म्हणजे यंत्र आपल्या नेहमींच्या चालीनें चालतें. तो छतास टेंकवून घातला, तर जुन्या मेजास जो मार कधींच पडला नसता तो त्यास पडतो, आणि मग जुन्या लोकांच्या रुचीस दोष दिला जातो.

आणि ही ऊब घालावयाची कोठें? एकेकट्या आवाजावर ती शोभते. सबंध मिश्रणावर ओतली तर गढूळ होते. याचें कारण असें कीं, दोन स्वर एकत्र वक्र यंत्रांतून गेले कीं त्यांच्या पटींबरोबर त्यांच्या बेरजा-वजाबाक्याहि निर्माण होतात. षड्ज २४० आणि कोमल रिषभ २५६ एकत्र गेले, तर २२४ आणि २७२ असे दोन नवे स्वर उपटतात. ते ना षड्जाचे, ना रिषभाचे. गाणाऱ्याच्या मागें तंबोरा, सारंगी आणि तबला असेल, तर असे किती आगंतुक जमतील याची कल्पना करावी. म्हणून कांहीं जाणते ध्वनिमुद्रक प्रत्येक चॅनेलास थोडी थोडी ऊब देतात आणि एकत्र झाल्यावर हात आंखडता घेतात.

ती लागली कीं नाहीं हें ठरवितांनाहि फसगत होते. यांतील बहुतेक साधनें आवाज थोडा मोठा करतात. आणि मोठा आवाज कानास नेहमींच अधिक भरलेला वाटतो. हलक्या आवाजांत खर्ज कमी ऐकूं येतो आणि मोठ्यांत अधिक, हें फ्लेचर आणि मन्सन यांनीं १९३३ सालींच मोजून ठेवलें आहे. तेव्हां दोन्ही मुद्रणें आधीं सारख्या जोरावर आणावीं, आणि मग कोणतें कोणतें हें न पाहतां ऐकावीं. याहून कठोर कसोटी हवी असेल, तर एक मुद्रण उलटें करून दुसऱ्यांत मिळवावें. जें सारखें असेल तें परस्परांस मारून टाकील आणि जें राहील तीच घातलेली ऊब. पुष्कळदां तेथें एक पुसटशी गुणगुण तेवढी शिल्लक राहते, आणि एवढ्यासाठींच का इतका खर्च केला, असा प्रश्न पडतो. कधीं कधीं मात्र त्या गुणगुणींत सबंध खर्ज सांपडतो.

गायकाचें मूळ मुद्रण आहे तसें, कोरें, एका बाजूस जपून ठेवणें हें यांत सर्वांत महत्त्वाचें. जुन्या काळीं तें शक्य नव्हतें. मेजानें जो रंग दिला तोच फितीवर जाई आणि कायमचा राही. आज जागेचा प्रश्न नाहीं. तरीहि घाईंत रंगवलेली प्रतच तेवढी ठेवली जाते, आणि दहा वर्षांनीं रुचि बदलली म्हणजे कोरी प्रत कोणाजवळच नसते.

नकला करणाऱ्यांनीं प्रामाणिकपणाची परमावधि केली ती एका बाबतींत. जुन्या मेजाची आणि फितीची जी सळसळ असे, तीहि त्यांनीं मोजून, हुबेहूब बनवून, आपल्या साधनांत घातली आहे. तिच्यासाठीं पुष्कळ साधनांत एक स्वतंत्र खुंटी असते. ऊब विकत घेणारे गिऱ्हाईक पहिलें काम करतें तें ती खुंटी बंद करण्याचें.